शेतकरी नवरा नको, आणि गावातला तर नकोच नको

परवा अंगणवाडीतून घरी आले तर ओसरीवर एक काकू वाट पाहत बसलेल्या. पोरीला समजवा म्हणाल्या. पोरगी बी.ए. झालेली, २२ वर्षांची. पोरगा दोन घरं सोडून राहतो, २५ चा, सात एकर वावर, एक विहीर. दोघांचं शाळेपासूनचं. "तुमचं ऐकते ते. सांगा तिले, शेतकऱ्याच्या घरी काय ठेवलं आहे म्हणून." एवढं बोलल्यावर आपण कोणाच्या ओसरीवर बसलोय ते ध्यानात आलं असावं. चहा न घेताच उठल्या.

कारण माझंही तसंच. शाळेपासूनचं, त्याच गावातलं, शेतकरी. १९९८ सालचं लग्न.

आमच्या एवढ्याशा गावात तिशी उलटलेले बिनलग्नाचे पोट्टे मोजायला घेतले, दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. सगळे शेतीवाले. एकानं मध्यस्थाला पैसे देऊन नवरी आणली, ती आठव्या दिवशी दागिने घेऊन गेली. मुलींच्या आईबापांना मी नावं ठेवत नाही. बोंडअळी आणि कापसाचा भाव दोन्ही पाहिल्यावर नोकरीवालाच शोधणार माणूस. पण जी पोरगी वावर, विहीर, कर्ज सगळं डोळ्यांनी पाहून स्वतःहून हो म्हणते, तिचंच जमलेलं मोडायला अख्खं गाव का धावतं? आणि मग तेच गाव पारावर बसून म्हणतं, पोरी भेटत नाहीत बाप्पा!

माझ्या आणि ह्यांच्या घरची वावरं एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. पाचवीत होतो तेव्हा रविवारी तिसऱ्याच्याच वावरात कापूस वेचायला जायचो, किलोवर मजुरी. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसायची, माझा हात मागे पडायचा. हा शेजारच्या ओळीतून यायचा आणि मूठ-दोन मुठी कापूस माझ्या ओटीत कोंबून पुढे जायचा. मला वाटायचं, काय जीव आहे पोट्ट्याचा! पुढे कळलं, मालक ओरडेल म्हणून स्वतःचा कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला, कापूस तो माझ्याकडे खपवत होता. आजही कबूल करत नाही.

बारावीनंतर तो शेतीत अडकला. मी शकुंतलेनं, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीनं, दारव्ह्याला कॉलेजला. मी शिकत होते तेव्हाच, १९९४ साली, तिचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. गाडीला घाई मात्र कधीच नव्हती, आणि संध्याकाळी स्टेशनवर वाट पाहणाऱ्यालाही नव्हती. सायकल घेऊन उभा असायचा, बोलायचा नाही. घरापर्यंत वीस पावलं मागून यायचा. प्रेमपत्र वगैरे काही नाही.

जात वेगळी. त्यामुळे विशेष विवाह कायदा, म्हणजे तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या फळ्यावर. गावातलं कोणीतरी कोर्टाच्या कामाला यवतमाळला गेलं होतं, त्यानं वाचली. संध्याकाळच्या एसटीनं बातमी आमच्या आधी घरी. तीन साक्षीदार लागतात. दोन मिळाले, तिसऱ्यासाठी आठ दिवस फिरलो. शेवटी ज्यानं नोटीस वाचून गावभर केलं होतं तोच उभा राहिला. म्हणे, माझ्याच्यानं झालं ना हे, मग मीच सही करतो.

सासूबाईंना जातीपेक्षा माझ्या तोंडाचा राग जास्त. "नवऱ्याले अबे म्हणते का वं?" चौथीपासूनची सवय. 'अहो' म्हणायला गेले की 'अबे... हो' व्हायचं.

माझे वडील चार वर्षं बोलले नाहीत. वावर लागूनच, निंदताना रोज दिसायचे, मी मान वर केली की पाठ करायचे. २००२ मध्ये एक दिवस धुऱ्यावर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुह्या बैलानं माही तूर खाल्ली." चार वर्षांतलं पहिलं वाक्य. मी तिथंच बसून रडले. बैलाला मात्र ह्यांनी त्या दिवशी जास्तीची ढेप घातली.

आता जे सांगते ते फारसं कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना विचारून लिहिते आहे.

२००६ चा जुलै. पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आमच्याकडे दुबार पेरणीच्या बियाण्याला पैसे नव्हते. हे शांत होते, उलट जरा जास्तच गोड बोलत होते. एका संध्याकाळी मनगटावरचं घड्याळ काढून भाच्याला दिलं. सासूबाईंना कौतुक वाटलं. माझ्या पोटात गोळा आला. चौथीत ह्याची आजी वारली तेव्हा हा रडला नव्हता. खिशातल्या सगळ्या गोट्या पोरांना वाटून टाकल्या होत्या, एक-एक करून, हसत, आणि नंतर दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. ते मी पाहिलं होतं. घरात दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री फवारणीचं औषध उचलून मी बापाच्या घरी नेऊन ठेवलं. त्यांनी काही विचारलं नाही. सकाळी उजाडायच्या आत दारात हजर. "जावई, मले डवऱ्याले माणूस पाहिजे आज." पंधरा दिवस रोज घेऊन गेले. घड्याळ भाच्याकडेच राहिलं.

ठरवून केलेल्या लग्नात बायकोला नवरा कळत नाही असं मी म्हणत नाही. सासूबाईंनाही सासरे कळलेच असतील, वीसेक वर्षांनी. २००६ मध्ये माझ्या लग्नाला आठच वर्षं झाली होती. बाकीची चौथीपासूनची जमा होती म्हणून निभावलं.

आणि हो, अकरावीत पळून जाणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. मुलगी १८, मुलगा २१, हे अंगणवाडीत बसून मीच पोरींच्या आयांना घोकून घोकून सांगते. आम्ही तर त्यानंतरही थांबलो. पण ही दोघं २२ आणि २५ ची आहेत.

काकू परत येणार आहेत, निरोप आलाय, ह्या वेळी पोरीला घेऊन. या म्हटलं. चहा ठेवीन. पोरीला एवढंच विचारणार आहे, तो पोरगा गप्प झाला की काय करतो, माहीत आहे का तुले?