राष्ट्रपती कोणीही चालेल म्हणणाऱ्यांना

२०२७ च्या जुलैत राष्ट्रपतिपदाची निवडणूक आहे. तिचा विषय निघाला की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो, मग तो ग्रुप मॉर्निंग वॉकचा असो, सोसायटीचा असो की शाळेच्या बॅचचा. मजकूर थोडक्यात असा: राष्ट्रपती म्हणजे रबर स्टॅम्प. आपल्याला तर मतच नाही, आणि आमदार-खासदारांना पक्षाचा व्हिप, म्हणजे अमुकालाच मत द्या असा हुकूम, असतो, तेव्हा उमेदवाराचे गुणदोष काढत बसणं हा रिकामटेकडेपणा. बसवायचाच तर राजकारणी नको, एखादा शास्त्रज्ञ किंवा प्राध्यापक बसवा. त्यातही आपला माणूस असला तर सोन्याहून पिवळं. आणि नाव जाहीर झाल्यावर टीका करू नये, तो पदाचा अपमान. खाली हात जोडलेले तीन इमोजी. आमच्या ग्रुपवर एका काकाजींनी वरून पुस्ती जोडली, "काऊन डोकं खपवता भाऊ, कोणीबी झालं तरी सहीच करनार हाय."

काकाजींचा मान ठेवून, एकेक मुद्दा घेतो.

"राष्ट्रपती रबर स्टॅम्प असतो"

यातलं अर्धं खरं आहे. राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे, तो राज्याचा प्रमुख आहे पण कारभाराचा नाही, हे घटना समितीत खुद्द बाबासाहेबांनीच सांगितलं होतं. कलम ७४ नुसार तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा सल्ला उघडउघड बंधनकारक केला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एवढीच सवलत दिली की सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच सल्ला पुन्हा आला, तर मान्य करायचा.

पण राष्ट्रपतीचा कस रोजच्या कारभारात लागतच नाही. अंबाझरीच्या सांडव्याकडे आपण तरी कधी बघत होतो? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलावाचं पाणी डागा ले-आउटात आणि कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं, तेव्हा सगळ्या शहराला सांडवा म्हणजे काय ते कळलं.

तशी एक रात्र २५ जून १९७५ ची. आणीबाणीच्या घोषणेवर फक्रुद्दीन अली अहमद यांनी मध्यरात्रीच्या आधी सही केली. मंत्रिमंडळाला ही गोष्ट कळली दुसऱ्या दिवशी सकाळी. "मंत्रिमंडळाची बैठक झाली का?" एवढा एक प्रश्न विचारायला घटनेची कुठलीही आडकाठी नव्हती. तेव्हा तर ४२ वी दुरुस्तीही झालेली नव्हती. पुढे ४४ व्या दुरुस्तीत मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, अशी अट घालावी लागली. एका माणसाने जे विचारलं नाही, ते घटनेत लिहून घ्यावं लागलं.

आता याच्या उलट. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली. तिथले भाजपचे मुख्यमंत्री कल्याणसिंग यांनी तर विधानसभेत बहुमत सिद्ध केलं होतं. के. आर. नारायणन यांनी शिफारस परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारने बिहारमधलं राबडीदेवींचं सरकार बरखास्त करायची शिफारस केली, तीही परत गेली. एकदा भाजपचा मुख्यमंत्री वाचला, एकदा भाजपच्याच नेतृत्वाखालच्या केंद्र सरकारला थांबावं लागलं. नारायणन कोणाच्या बाजूचे होते, याचा हिशेब ज्याला मांडायचा त्याने मांडावा.

ग्यानी झैलसिंग यांचं उदाहरण माझ्या मांडणीला जरा अडचणीचं आहे, म्हणून ते टाळत नाही. राष्ट्रपती होताना त्यांची ओळख इंदिरा गांधींचे निष्ठावंत अशी होती, आणि ती निष्ठा ते स्वतःच जाहीरपणे सांगत. गुणदोष तपासणाऱ्या कोणीही त्यांना तेव्हा नापास केलं असतं. पण १९८६ मध्ये नागरिकांची पत्रं अडवण्याचा-उघडण्याचा अधिकार सरकारला देणारं टपाल दुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन त्यांच्याकडे आलं. त्यांनी ना सही केली, ना ते परत पाठवलं. फाईल पडून राहिली. कलम १११ मध्ये मुदतच नाही! काकाजी म्हणतात ती हुकमी सही इथे झालीच नाही.

मुदतीचा हा प्रश्न जुना म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. राज्यपालांनी राखून ठेवलेल्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, असं एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाकडे चौदा प्रश्न पाठवले. नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं की न्यायालयाला अशी मुदत घालून देता येत नाही. मुदत नाही म्हटल्यावर लेखणी कोणाच्या हातात आहे याला महत्त्व वाढतं की कमी होतं?

आणि नागपूरकराने तर "सहीने काय फरक पडतो" हे म्हणूच नये. वर्धा रोडवरून राहाटे कॉलनीकडे जाताना मध्यवर्ती कारागृहाची ती लांबलचक भिंत आपण रोज बघतो. ३० जुलै २०१५ ला सकाळी तिथे १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला दोषी याकूब मेमन याला फाशी झाली. आदल्या रात्री प्रणव मुखर्जींनी त्याचा दुसरा दयेचा अर्ज फेटाळला, उजाडायच्या आधी सर्वोच्च न्यायालय भरलं, आणि तिथेही नकार मिळाला. त्याचा गुन्हा किती भयंकर होता हे मला कोणी सांगायची गरज नाही, आणि फाशी असावी की नसावी हा वाद इथे घालायचा नाही. मुद्दा सहीचा आहे. दयेच्या अर्जावरही राष्ट्रपती गृहमंत्रालयाच्या सल्ल्यानेच चालतो, कलम ७२ सगळ्यांना सारखं. तरी नारायणन यांनी पाच वर्षांत एकही अर्ज निकाली काढला नाही. कलामांनी दोनच काढले, एक फेटाळला आणि एक मान्य केला. प्रतिभाताई पाटलांच्या काळात तिसाहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. मुखर्जींनी समोर आलेले बहुतेक अर्ज फेटाळले. कलम तेच, माणसं निराळी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जांना लागलेल्या विलंबाच्या कारणावरूनच अनेकांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. म्हणजे अर्ज टेबलावर किती दिवस पडून राहतो, यावरही माणसाचं जगणं-मरणं ठरतं.

लोकसभा त्रिशंकू असताना आधी कोणाला बोलवायचं, हाही निर्णय असाच. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मांनी सर्वात मोठ्या पक्षाच्या नेत्याला, म्हणजे वाजपेयींना बोलावलं. सरकार तेरा दिवस टिकलं. त्या घडीला सल्ला द्यायला बहुमताचं मंत्रिमंडळच नसतं. डोकं वापरायचं ते स्वतःचंच.

"आपल्याला मत नाही आणि आमदारांना व्हिप असतो"

पहिलं खरं, दुसरं साफ चूक. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. मतदान गुप्त असतं, आणि पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मत दिलं म्हणून पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकी जात नाही. खासदारांना हिरवी मतपत्रिका मिळते, आमदारांना गुलाबी. निवडणूक आयोगानेच दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने नावापुढे १, २ असे पसंतीचे आकडे लिहायचे. स्वतःचा पेन चालत नाही.

आता आपल्या वाट्याचा हिशेब. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे, कारण १९७१ ची लोकसंख्या भागिले २८८ आमदार, भागिले १०००. नागपूर जिल्ह्यात शहरातले सहा आणि ग्रामीणचे सहा, असे १२ आमदार. झाले २,१००. नागपूर आणि रामटेकच्या खासदारांच्या मतांचं मूल्य २०२२ मध्ये प्रत्येकी ७०० होतं. एकूण ३,५००. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मूल्य २०८ आणि सिक्कीमच्या आमदाराचं ७ हे लक्षात घेतलं, तर आपला जिल्हा अगदीच फुकटात मोजला जात नाही. हे चौदा जण लग्नकार्यात, गणपतीच्या मांडवात आपल्याला भेटतात. नालीचं आणि रस्त्याचं विचारतोच की आपण त्यांना.

निकाल बहुतेकदा आधी ठरलेला असतो, हे कबूल. पण १९६९ मध्ये नव्हता. तेव्हा काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले. इंदिरा गांधींनी सद्सद्विवेकाने मत द्या म्हटलं आणि व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत निवडून आले, ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७.

"राजकारणी नको, विद्वान हवा"

हा मुद्दा सर्वात गोड वाटतो, म्हणूनच सर्वात जास्त फिरतो.

कलामांचंच घ्या. साधेपणा, विद्वत्ता, मुलांवरचं प्रेम, कशातच खोट काढता येणार नाही. मे २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक, म्हणजे काही सरकारी पदं घेऊनही खासदारकी टिकू देणारं, त्यांनी संसदेकडे परत पाठवलं. हे जमेच्या बाजूला लिहा. पण त्याच्या आदल्या वर्षी, २३ मे २००५ ला, बिहारची विधानसभा बरखास्त करण्याची शिफारस ते मॉस्कोत असताना अपरात्री त्यांच्यापुढे आली आणि त्यांनी सही केली. सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. तेव्हा आपल्या मनात राजीनाम्याचा विचार आला होता, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. सकाळपर्यंत थांबा म्हणणं, फाईल मागवणं, राज्यपालांचा अहवाल शंका घेऊन वाचणं हे प्रयोगशाळेत शिकायला मिळत नाही. नारायणन मुत्सद्दी होते, तसेच खासदार, मंत्री आणि उपराष्ट्रपतीही होऊन आले होते. दिल्लीतली मंडळी घाई का करतात, हे त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

राजकारणी असला की बरा, असंही मी म्हणत नाही. १९ जुलै १९६९ ला बँक राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, तेव्हा प्रभारी राष्ट्रपती गिरी होते. संसदेचं अधिवेशन दोनच दिवसांवर होतं, आणि गिरी स्वतः राष्ट्रपतिपदासाठी रिंगणात उतरलेले होते. सही करून दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडलं. राष्ट्रीयीकरण चांगलं की वाईट ते बाजूला ठेवा, पण ही सही कोणत्याही तराजूत हलकीच भरते.

त्यानंतर महिनाभर प्रभारी राष्ट्रपती होते सरन्यायाधीश हिदायतुल्ला. ते आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, इथल्या लॉ कॉलेजात शिकवलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. सीताबर्डीतून जाताना याची आठवण किती जणांना होते कोण जाणे. असो.

व्यवसायाचा रकाना पाहून काही कळत नाही. मी पाहतो ते एवढंच: या माणसाने आधीच्या पदावर असताना स्वतःच्याच माणसांना कधी "नाही" म्हटलं आहे का? राज्यपाल असताना, सभापती असताना, मंत्री असताना? नसेल म्हटलं, तर राष्ट्रपती भवनात गेल्यावर एकदम म्हणेल, असं धरून चालता येत नाही. झैलसिंगांसारखा एखादा निघतो, पण त्याच्या भरवशावर राहायचं का?

"आपला माणूस असला की झालं"

२००७ मध्ये शिवसेनेने एनडीएत असूनही याच न्यायाने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. त्या जळगावच्या लेक, आणि अमरावतीच्या सूनबाई म्हणून आपल्या विदर्भाच्याही. १९९१ मध्ये अमरावतीहून लोकसभेवर गेल्या होत्या. पण मराठीपण बाजूला ठेवलं तरी त्यांच्याकडे बघण्यासारखं होतं: राज्यसभेचं उपसभापतिपद, आणि राजस्थानात राज्यपाल असताना धर्मांतरविरोधी विधेयकावर सही करायला दिलेला नकार. बोट ठेवण्यासारखंही होतं. निवृत्तीनंतरच्या घरासाठी पुण्यातल्या लष्कराच्या जागेवरून वाद झाला आणि शेवटी त्यांनी ती जागा सोडली. जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडल्याशिवाय "आपली बाई" म्हणून उर भरून येण्यात काय हशील?

शिवाय हा न्याय आपण तरी कुठे पाळतो. १९६९ च्या त्याच निवडणुकीत तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आयसीएसची बरीच वर्षं मध्य प्रांतात म्हणजे आपल्याच नागपूरच्या कारभारात घालवलेले. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले. स्वतःच्याच पंतप्रधानाला "नाही" म्हणण्याचा याहून ठळक दाखला कोणता? त्यांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचा पाठिंबा होता. मतं मिळाली १,१२,७६९. तेव्हा मराठी आमदारांनी पक्ष पाहिला, माणूस पाहिला नाही, आणि आज मेसेजमध्ये "आपला माणूस" लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव उमेदवार म्हणून आठवतं?

"नाव जाहीर झाल्यावर टीका म्हणजे पदाचा अपमान"

उमेदवार म्हणजे पद नव्हे. अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, १५,००० रुपये अनामत भरावी लागते, छाननी होते, म्हणजे कायदासुद्धा त्याला तपासूनच घेतो. शपथ झाली की मान राखूच. २०२२ मध्ये अर्जाची शेवटची तारीख होती २९ जून आणि मतदान १८ जुलैला. बोलायला मिळाले ते हे तीन आठवडेही नाहीत, आणि त्यातला बराचसा वेळ आपण हात जोडलेले इमोजी पुढे पाठवण्यात घालवला.