निम्मे रन, निम्मे पास: आयोवाच्या नावावर फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

अमेरिकन फुटबॉलबद्दलचा एक मेसेज 2023 च्या हंगामापासून फिरतोय. दर शरदात कुणीतरी तो उकरून काढतं आणि मी पुढे सरकते. या वेळी तो टेक्ससमधल्या डॅलसहून माझ्या मोठ्या भावाने थेट माझ्या मुलाला पाठवला. मुलगा अकरावीत आहे, इथे आयोवा राज्यातच हायस्कूलच्या टीमचा क्वार्टरबॅक आहे, म्हणजे चेंडू दुसऱ्याला देणारा किंवा पास टाकणारा मुख्य खेळाडू. तीन सामने ओळीने हरलेत, मामाला काळजी वाटली, म्हणून "हे वाच, यात सगळं आहे" असं लिहून त्याने तो पुढे ढकलला. पोराने जेवताना फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "आई, म्हणजे आधी दोनदा रनच द्यायचा का मी? काहीही झालं तरी?" त्याच्या डाव्या खांद्यावर तेव्हा फ्रोझन मटारची पिशवी होती. म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी: आयोवा विद्यापीठाच्या हॉकआइज टीमचा ऑफेन्स (चेंडू घेऊन हल्ला करणारी फळी) का कोलमडला आणि कुठल्याही धडपडणाऱ्या टीमने काय करावं, याचे त्यात पाच मुद्दे आहेत. एक, आयोवाने तोल सोडला. निम्मे रन, निम्मे पास हाच उपाय. दोन, सामन्यात 30 हून जास्त रन करणारी टीम जिंकते, म्हणून रन वाढवा. तीन, आधी रन बसवल्याशिवाय रनचा आव आणून टाकलेला पास, म्हणजे प्ले-अ‍ॅक्शन चालत नाही. चार, रन केले की घड्याळ पळतं आणि आपला डिफेन्स ताजातवाना राहतो. पाच, पास टाकला की तीनच गोष्टी होऊ शकतात आणि त्यातल्या दोन वाईट.

(भारतातल्या वाचकांसाठी: इथे रन म्हणजे क्रिकेटमधली धाव नव्हे, चेंडू हातात घेऊन पळणं; पास म्हणजे तो पुढच्या साथीदाराकडे फेकणं. चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठायचे असतात, प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. पहिल्या दोन डाउनमध्ये फार काही हाती लागलं नाही की तिसऱ्याला पास टाकावा लागतो, आणि हे समोरच्यालाही ठाऊक असतं.)

पहिल्या मुद्द्याला आयोवाचेच आकडे पुरेत. 2023 मध्ये मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ यांच्या या टीमचा ऑफेन्स कॉलेज फुटबॉलच्या अव्वल विभागातल्या 133 टीममध्ये यार्डांच्या हिशेबाने शेवटचा होता. सामन्यामागे साधारण 235 यार्ड. त्यातले रनचे साधारण 116, पासचे साधारण 118. दोन पारडी याहून सारखी कशी करणार? मेसेज ज्या तोलाचं औषध सांगतोय तो तोल आयोवाकडे होता, आणि तरी सामन्यामागे गुण 15.4. ऑफेन्सचे डाव ठरवणारे कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेंट्झ, म्हणजे कर्क यांचे चिरंजीव, यांच्या करारात सामन्यामागे 25 गुणांची अट घातली होती; हंगाम संपायच्या आधीच, ऑक्टोबरअखेर, त्यांना पुढच्या वर्षी ठेवणार नसल्याचं जाहीर झालं.

आता पुढचं वर्ष बघा, 2024. कोऑर्डिनेटर नवे, टिम लेस्टर. पासचे यार्ड थोडेसे वाढले, पण देशाच्या यादीत आयोवा तळाशीच राहिली. रन मात्र सामन्यामागे 200 यार्डांच्या जवळ गेले, एकट्या केलेब जॉन्सनने 1537 यार्ड आणि 21 टचडाउन (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) काढले. टीमचे गुण सामन्यामागे 27.7. म्हणजे तोल पार बिघडला आणि ऑफेन्स सुधारला! कारण स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी खेळाडू जागा बदलू लागले, बाजूने पळू लागले, समोरच्याला कळेनासं झालं की चेंडू कुठे जाणार. "निम्मे-निम्मे" लिहिणाऱ्याने हे दोन हंगाम शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत.

दुसऱ्या मुद्द्याचा मला मनापासून राग आहे, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. 30 रन करणाऱ्या टीम जिंकतात, हे आकड्यांत दिसतंही. पण आधी काय आणि नंतर काय? पुढे असलेली टीम शेवटच्या क्वार्टरमध्ये रनच करते, कारण मैदानातच अडवलेल्या रननंतर घड्याळ थांबत नाही आणि पूर्ण न झालेल्या पासवर थांबतं. जिंकत असते म्हणून रन करते. सामना हातात आला की क्वार्टरबॅक चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकतो, तेही रनमध्येच मोजलं जातं. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असं म्हणण्यासारखंच झालं हे.

त्याहून मोठी गोम कॉलेजच्या नियमात आहे, आणि इतकी वर्षं सामने बघणाऱ्यांनाही ती माहीत नसते. क्वार्टरबॅक पास टाकायला मागे गेला आणि चेंडू हातात असतानाच पाडला गेला तर तो सॅक. व्यावसायिक एनएफएलमध्ये सॅकचे गमावलेले यार्ड पासच्या खात्यातून वजा होतात. कॉलेजमध्ये एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) पद्धतीप्रमाणे सॅक हा रन धरला जातो. आता हिशेब करा. टीमने 26 रन ठरवले आणि 34 पास. त्या 34 पैकी चार वेळा पोरगा आडवा झाला. कागदावर काय येणार? 30 रन, 30 पास. काट्यावर तोल, शिवाय मेसेजमधला तिसाचा आकडाही गाठला. प्रत्यक्षात लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकपुढची खेळाडूंची भिंत, फाटली होती आणि क्वार्टरबॅक चार वेळा जमिनीवर आपटला होता. अशा कागदावरून कुठल्या टीमला उपदेश करायचा आणि का?

आणि हाच मेसेज शाळकरी पोरांपर्यंत पोचतो तेव्हा काय होतं ते आमच्या घरात दिसलं. नवरा प्रत्येक सामन्याला वही घेऊन बसतो, प्रत्येक डाव टिपतो. गेल्या शुक्रवारचं पान आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर उघडलं. एकूण 52 डाव: 29 वेळा रन ठरवलेला, 23 वेळा पास. बरा तोल आहे, नाही का? मग पोराने पेन्सिलीने डाउनप्रमाणे खुणा केल्या. पहिले डाउन 21, त्यात 18 रन. दुसरे 18, त्यात 10 रन. तिसरे 12, त्यात 11 पास. चौथा एकच, तोही पास. सॅक चार, आणि चारही तिसऱ्या डाउनवर, सात-आठ यार्ड हवे असताना. समोरच्या पोरांना काही ओळखावंच लागत नव्हतं. पहिल्या डाउनला सगळे पुढे दाटीवाटीने उभे, तिसऱ्याला सगळे कान टवकारून क्वार्टरबॅकवर. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, "मला वाटत होतं मीच चेंडू फार वेळ धरून ठेवतो."

सोळा वर्षांच्या मुलाला महिनाभर असं वाटत होतं. या मेसेजचं नुकसान मला इथे दिसतं. आणि गेले काही आठवडे स्टँडमध्ये पालकही हाच मेसेज एकमेकांना वाचून दाखवतात, "पहिल्या डाउनला रनच पाहिजे" म्हणून ओरडतात. तोल 52 डावांच्या बेरजेत शोधून काही मिळत नाही. या डाउनला, इतके यार्ड हवे असताना, समोरच्याला आपला डाव आधीच कळतोय का, एवढंच बघायचं.

तिसरा मुद्दा प्ले-अ‍ॅक्शनचा. क्वार्टरबॅक रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या) हाती चेंडू दिल्यासारखं करतो आणि पास टाकतो, ते. मेसेज म्हणतो की आधी रन चांगले चालले पाहिजेत, तरच कुणी फसेल. हे इतक्या जणांनी इतकी वर्षं सांगितलंय की मलाही खरं वाटायचं. बेन बॉल्डविन यांनी 2018 मध्ये 'फुटबॉल आउटसायडर्स'साठी एनएफएलच्या अनेक हंगामांचे आकडे तपासले. टीम किती रन करते किंवा किती चांगले करते, याचा प्ले-अ‍ॅक्शन किती चालतं याच्याशी संबंध त्यांना सापडला नाही. हे व्यावसायिकांचे आकडे आहेत, कॉलेजचे नाहीत, हे मान्य. पण कारण दोन्हीकडे सारखंच लागू पडतं. मधले बचावपटू समोरच्या लाइनची हालचाल बघून धावतात; लाइन रनसारखी सरकली की त्यांचं पाऊल पुढे पडतंच. याआधी किती रन झाले हे मोजत कुणी उभं नसतं. म्हणजे ज्या टीमचे रन चालत नाहीत तिनेही पहिल्या डाउनला प्ले-अ‍ॅक्शन करावं. आमच्या वहीत ते फक्त दोनदा आहे.

चौथा मुद्दा, घड्याळाचा. 23 सप्टेंबर 2023, पेन स्टेटकडून आयोवा 31-0 हरली. आयोवाचे डाव 33, पेन स्टेटचे 97. आयोवाचे एकूण यार्ड 76. डिफेन्स ताजा ठेवायचा तर पहिले डाउन मिळवावे लागतात, म्हणजे दहा यार्ड गाठून पुन्हा चार प्रयत्न कमवावे लागतात, आणि आयोवाला त्या दिवशी चार मिळाले. दोन यार्डांचे तीन रन करून चेंडू परत दिला तर डिफेन्स लगेच पुन्हा मैदानात. यावर आणखी लिहावंसं वाटत नाही.

पाचवा मुद्दा टेक्सस विद्यापीठाचे जुने प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्या नावावर सांगतात, म्हणून डॅलसच्या दादाला तो विशेष प्रिय. पास पूर्ण होतो, अपुरा राहतो किंवा समोरचा झेलतो. रनमध्ये चेंडू हातातून सुटत नाही का? जागच्या जागी अडवलं जात नाही का? वाईट शक्यता बोटांवर मोजून चालत नाहीत. किती वेळा घडतात आणि काय देऊन जातात ते बघावं लागतं.

आता जे खरं आहे ते मान्य करते, जरा नाखुशीनेच. 2023 च्या आयोवाने रनवर भर दिला हे त्या परिस्थितीत चूक नव्हतं. क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघ्याने गेला, ल्यूक लॅची आणि एरिक ऑल हे दोन्ही चांगले टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभे राहून पासही झेलणारे) जायबंदी झाले, बदली डीकन हिलचे निम्मेही पास पूर्ण होत नव्हते. विस्कॉन्सिनला त्यांनी 15-6 हरवलं तेव्हा हिलचे पासचे यार्ड 37, आणि लीशॉन विल्यम्सचे रनचे 174, त्यातले 82 एकाच धावेत. हातात जे आहे त्याने खेळावं लागतं. त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला मिशिगनने पेन स्टेटच्या मैदानावर उत्तरार्धात सलग 32 रन करून सामना 24-15 असा जिंकला, उत्तरार्धात नोंद होईल असा एकही पास नाही. त्यांची लाइन समोरच्याला ढकलत होती आणि ते पुढे होते. पण हे उदाहरण घेतलं तर मेसेजचा पहिला मुद्दा राहतच नाही. 32 विरुद्ध शून्य याला निम्मे-निम्मे कसं म्हणणार?

आणि दुसऱ्या टोकाला माइक लीच. पासवरच जगणारा हा प्रशिक्षक, 2008 मध्ये टेक्सस टेकला 11 विजय मिळवून देणारा. त्यांचं म्हणणं असायचं की चेंडू हाताळणारे पाचही खेळाडू हल्ल्यात वाटा उचलत असतील तर तो तोल; निम्मे-निम्मे हा नुसता हट्ट. दादा, टेक्ससचंच उदाहरण हवं असेल तर हे घे.

वहीच्या त्या पानाचा फोटो तुला पाठवलाय. 18 आणि 11 भोवती गोल तुझ्या भाच्याने काढलेत. त्याने पहिल्या डाउनचे सहा पास आणि चार प्ले-अ‍ॅक्शन एका कागदावर लिहिलेत, सोमवारी सरावाआधी प्रशिक्षकांना दाखवणार आहे. खांदा अजून दुखतोय. शुक्रवारी सामना आहे, रात्री फोन कर त्याला, आणि बोलायच्या आधी ते पान एकदा नीट बघ.