बॉड रेट जुळला तरी काटा अडतोच

"बॉड रेट आणि पॅरिटी जुळली की सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर कुठलाही चालतो" हे लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. (कन्व्हर्टर म्हणजे काट्याच्या सिरियल पोर्टवरचा डेटा नेटवर्कवरून पीसीला देणारा डबा; बॉड रेट म्हणजे त्या पोर्टचा वेग, पॅरिटी म्हणजे चूक तपासायचा बिट.) आमच्या वजनकाट्यावर बॉड रेट ९६००, ८-एन-१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) सगळं तंतोतंत जुळलेलं. पण कन्व्हर्टर इन्व्हर्टरवर, पीसी नाही. लाइट गेली की पीसी बंद, आणि कन्व्हर्टर पीसीशी असलेलं मेलेलं टीसीपी (नेटवर्कवरचं) कनेक्शन धरून बसलेला. नवं घेतच नव्हता. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आत आमची प्लग काढ-घाल! कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते तपासून मेलेलं कनेक्शन सोडायची सोय) असलेला कन्व्हर्टर आणला तेव्हा सुटलो.

आयसोलेशनचा (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवण्याचा) तर लेखात उल्लेखही नाही. आरएस-२३२ ची (काट्याच्या सिरियल पोर्टची) केबल ढोबळमानाने १५ मीटरपर्यंत ठीक. आम्ही ती ऑफिसपर्यंत ओढली होती. वळवाच्या पावसात दोन पोर्ट गेले. आता कन्व्हर्टरचा डबा काट्याच्या वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरशेजारीच बसवलाय.