बोटं दहाच, पण हाताला दोन बाजू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बास्केटबॉलच्या जर्सी नंबरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा नियमांचं पुस्तक काढून बसलो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. खेळाडूचा नंबर पंच बोटांनी दाखवतो आणि त्याला बोटं दहाच, म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांत ४ ते १५ हेच नंबर असत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या) पंचांनाही दहाच बोटं असतात आणि तिथे ९९ पर्यंत सगळं चालतं, मग हे कारण कसलं? तीन सेकंदांच्या खुणेशी (चढाई करणारा खेळाडू बास्केटखालच्या चौकोनात तीन सेकंदांहून जास्त थांबला की पंच दाखवतो ती) घोटाळा नको म्हणून ३ नंबर नसे, हेही तुम्हाला पटलेलं नाही, कारण तीन सेकंदांच्या व्हायोलेशनला, म्हणजे धक्काबुक्की नसलेल्या नियमभंगाला, खेळाडूचा नंबर सांगतच नाहीत. आणि लेखातल्या माझ्या पंचाच्या चित्रात मूठ चुकीच्या हाताची आहे. "टीव्हीवर मॅच बघून लेख लिहू नयेत," हे तुमचं शेवटचं वाक्य.

तीन सेकंदांचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही मला सपशेल पकडलंत. व्हायोलेशन झालं की पंच शिट्टी मारून उघडा तळहात वर करतो, घड्याळ थांबतं, मग हात लांब करून तीन बोटं दाखवतो आणि बॉल कुणाचा ते सांगतो. स्कोअररच्या टेबलाकडे (जिथे गुण आणि फाउल नोंदतात) जाऊन नंबर सांगण्याचा प्रश्नच येत नाही. मी ऐकीव कारण जसंच्या तसं उतरवलं. नंबर सांगायचा असतो तो फाउलला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नियमबाह्य धक्का किंवा अडथळा केला की, जिथे उघड्या तळहाताऐवजी मूठ वर जाते.

पण १, २, ३ वगळण्याचं कारण म्हणून फाउलचं टेबलावर होणारं निवेदनच जास्त भक्कम आहे, आणि ते मी लेखात लिहायला हवं होतं. पंच टेबलासमोर येतो, थांबतो आणि क्रमाने सांगतो: आधी खेळाडूचा नंबर, मग फाउलचा प्रकार (मनगटावर हात मारला, ढकललं, कमरेवर दोन्ही हात म्हणजे ब्लॉक), मग फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी बिनअडथळा फेक) किती किंवा बॉल कुठल्या दिशेने. फ्री थ्रो एक, दोन किंवा तीन. फाउल होऊनही बास्केट झालं असेल तर सगळ्यात आधी ते धरल्याची खूण आणि दोन किंवा तीन गुण. म्हणजे एकाच निवेदनात तीन आकडे येऊ शकतात. १४ नंबरच्या खेळाडूचा फाउल असेल तर "दोन गुण, चौदा, ढकललं, एक फ्री थ्रो". आता तोच फाउल २ नंबरच्या खेळाडूच्या नावावर लावून बघा: "दोन, दोन, ढकललं, एक". हॉलमध्ये ढोल वाजतायत, एक प्रशिक्षक ओरडतोय, आणि स्कोअररचं डोकं गुणांच्या रकान्यात खाली गेलंय. चारपासून पुढचे आकडे गुण किंवा फ्री थ्रो म्हणून कधी येतच नाहीत. तेव्हा चार बोटं दिसली की तो खेळाडूच, दुसरं काही असूच शकत नाही.

आता दहा बोटांचं. "बोटं दहाच" हे माझं वाक्य अपुरं होतं, भंपक नव्हतं. जुनी फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) पद्धत आठवा. पाचपर्यंत उजवा हात. सहा ते दहा: उजव्या हाताची पाच, वर डाव्याची एक ते पाच. अकरा ते पंधरा: उजव्या हाताची मूठ म्हणजे दहा आणि डाव्या हाताची एक ते पाच बोटं. इथे गाडी थांबते. सोळा दाखवायला या पद्धतीत जागाच नाही, कारण मुठीसोबतचा हात पाचावर संपतो. चार ते पंधरा मोजले तर बरोबर बारा नंबर होतात, आणि संघातही खेळाडू बाराच. एका संघासाठी एकही नंबर कमी नाही, एकही जास्त नाही.

एनबीएचा दाखला तुम्ही दिलात, पण माझ्या मते अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा दाखला जास्त बोलका आहे. तिथे कित्येक वर्षं नियम असा होता की जर्सीवरच्या कुठल्याही अंकाने पाच ओलांडायचे नाहीत. १५ चालेल, ५१ चालेल, ६ किंवा २७ नाही. कारण तेच, पंचाचा हात. एका हाताने एक अंक, दुसऱ्याने दुसरा. २०२३-२४ च्या हंगामापासून तिथेही सगळे नंबर खुले झाले. आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवा. उजव्या हाताची पाच बोटं, डाव्याचं एक. जुन्या फिबा पद्धतीत ते सहा, कॉलेजच्या पद्धतीत एक्कावन्न. हात तेच, बोटं तितकीच. बोटं किती यापेक्षा ती बेरीज म्हणून वाचायची की अंक म्हणून, हे ठरलेलं असणं महत्त्वाचं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका शालेय स्पर्धेत मी स्कोअरशीट घेऊन बसलो होतो. एका संघात ६ नंबरचा मुलगा होता आणि ५१ नंबरचाही. पंच जुन्या सवयीचे. त्यांनी दोन्ही तळहात माझ्याकडे करून पाच आणि एक दाखवलं, तोंडाने काहीतरी म्हणाले, ते पंख्याच्या आवाजात गेलं. मी सहाच्या रांगेत "पी" (पर्सनल फाउल) लिहिलं. पुढच्या क्वार्टरमध्ये पुन्हा तेच. आंतरराष्ट्रीय नियमांत पाच फाउलला खेळाडू बाहेर, आणि त्या बिचाऱ्या सहा नंबरच्या रांगेतले पाचही चौकोन भरले तेव्हा त्यांचे प्रशिक्षक टेबलावर येऊन उभे राहिले. मुलगा रडवेला झाला होता. त्यातले दोन फाउल एक्कावन्नचे होते हे शोधून, खोडून, पंचांची सही घेईपर्यंत खेळ बराच वेळ थांबला. चूक पंचांची म्हणता येईल, पण विचारायला हवं होतं मी. शंका आली तर लिहू नये, विचारावं, हे तेव्हापासून पक्कं बसलं. तेव्हा टीव्हीबद्दलचं तुमचं वाक्य अर्धंच लागू पडतं!

फिबाने १ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झालेल्या नियमांत ०, ०० आणि १ ते ९९ असे सगळे नंबर मोकळे केले, आणि ५१-६ चा हा गोंधळ मिटवायला केलेला उपाय मला फार आवडतो. दोन अंकी नंबर असेल तर दशक आधी, हाताची पाठ टेबलाकडे करून. मग हात वळवून एकक, तळहात टेबलाकडे. चोवीस म्हणजे पाठीकडून दोन, मग समोरून चार. एक्कावन्न म्हणजे पाठीकडून पाच, मग समोरून एक. आणि सहा म्हणजे पूर्वीसारखं, दोन्ही तळहात समोर. अकरा ते पंधराची मूठ तशीच ठेवली. शून्यासाठी उजव्या हाताच्या बोटांचं कडं, दोन शून्यांसाठी दोन्ही हातांची कडी. लुका दोन्चिच स्लोव्हेनियाकडून ७७ घालतो. त्याचा फाउल झाला की पंचाला सात बोटं पाठीकडून आणि सात समोरून दाखवावी लागतात. बोटं वाढली नाहीत, हात उलटा धरला की दशक, एवढं ठरलं. आणि १, २, ३ परत आले तरी गडबड फारशी होत नाही, कारण नंबर आणि फ्री थ्रो यांच्या मधे फाउलच्या प्रकाराची खूण नेहमी येते. क्रम पाळला तर. पंच घाईत असले की काय होतं ते वर सांगितलंच.

आता चित्रातली मूठ. चित्र बरोबर आहे. पंच तुमच्याकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे त्याची उजवी मूठ तुम्हाला डावीकडे दिसते. टेबलावरून पाहिलं तर डावीकडे मूठ, म्हणजे दहा, आणि उजवीकडे बोटं, म्हणजे एकक. कागदावर आपण तेरा लिहितो त्याच क्रमाने. ही खूण टेबलावरच्या माणसाच्या नजरेने बेतलेली आहे, पंचाच्या नाही.

माझ्या लेखातली एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. "एनबीए सोडून जगभर ४ ते १५" असं मी ठोकून दिलं होतं. जुन्या नियमातच सवलत होती की राष्ट्रीय महासंघ आपल्या स्पर्धांसाठी जास्तीत जास्त दोन अंकी दुसरे नंबर मंजूर करू शकतात. बंधन खरं जाणवायचं ते राष्ट्रीय संघाच्या जर्सीत. म्हणून तर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये एनबीएत २३ घालणारा मायकेल जॉर्डन ९ घालून उतरला, ३३ चा लॅरी बर्ड ७ आणि ३२ चा मॅजिक जॉन्सन १५. कोबी ब्रायंट लेकर्सकडे २४, बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०. मनू जिनोबिली सॅन अँटोनिओत २०, अर्जेंटिनासाठी ५. डर्क नोविट्झ्कीचं उलटं झालं: जर्मनीत १४ नंबरचा, डॅलसमध्ये १४ आधीच कुणाकडे तरी होता, म्हणून अंक फिरवून ४१ घेतला.

तुम्ही विचारलंय की नियम गेला तर अमेरिकेचा संघ पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ते १५ च का घालून आला. सक्ती नव्हती. २०२४ च्या अंतिम सामन्यात समोर फ्रान्सचा वेम्बन्यामा ३२ आणि गोबेअर २७ घालून होते, आणि अमेरिकेकडे करी ४, लेब्रॉन ६, ड्युरांट ७, बुकर १५, सगळे बाराच्या बारा जुन्या चौकटीत. प्रथा म्हणून पाळलेली दिसते. टेबलावर बसलेला मी असतो तर अमेरिकेच्या फाउलना हायसं वाटलं असतं.

जाता जाता, तोंडी घोषणेबद्दल. तुम्ही म्हणता पंच नंबर तोंडानेही सांगतो, मग खुणांचं एवढं कौतुक कशाला. सांगतो, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात ते इंग्रजीतच सांगायचं असतं. पण आपल्याकडच्या सामन्यांत मी एक गंमत पाहिली आहे. मराठीत आपण एकक आधी बोलतो: बत्तीस म्हणजे दोन आणि तीस. हात मात्र आधी तीन दाखवतो, मग दोन. मराठीतून पुकारणाऱ्या पंचाचं तोंड आणि हात उलट दिशांना जातात, आणि नवा स्कोअरर हमखास २३ लिहितो. एकोणसाठ आणि एकोणसत्तरचं तर बोलायलाच नको. म्हणून मराठीत शिव्या देणारे पंचसुद्धा नंबर मात्र "थर्टी टू" म्हणूनच ओरडतात.

मूळ लेखातला तीन सेकंदांचा परिच्छेद आज काढला आहे, "जगभर" हा शब्दही. चित्राखाली "टेबलावरून पाहताना" एवढं लिहिलं आहे. तुम्ही स्वतः ७ नंबर घालून विद्यापीठाकडून खेळलात असं प्रतिक्रियेत ओझरतं लिहिलंय. तुमच्या वेळचे पंच सात कसे दाखवायचे, उजव्या हाताची पाच आणि डाव्याची दोन, की उलट? सवड मिळाली तर नक्की लिहा.