घामाचा हिशेब

परदेशी जाताना मी बॅगेत सर्वांत आधी धावण्याचे बूट भरतो. ते बॅगेतील पाव जागा अडवतात आणि बहुधा जसे जातात तसेच कोरे करकरीत परत येतात. पण ते घरी ठेवणे म्हणजे विमान सुटण्यापूर्वीच हार मानणे होय, असे माझे मत आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विमानतळावर भलत्याच दाराकडे धावण्यात गेलेली मिनिटे त्यात धरावीत की नाही, याविषयी मात्र ती मौन पाळते.

गेल्या खेपेस उतरलो तेथे पारा ३८ अंशांवर होता आणि हवा पिळायची राहून गेलेल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटत होती. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी धावायला निघालो. तेथे नऊला सकाळ म्हणत नाहीत, हे रस्त्यावरच्या शुकशुकाटावरून मी ओळखायला हवे होते. उभ्या मोटारीखालच्या सावलीत एक कुत्रा तेवढा पडला होता. त्याने एक डोळा उघडून मला आपादमस्तक न्याहाळले आणि कीव येऊन पुन्हा मिटला. दहा मिनिटांत मनगटावरच्या घड्याळाने नाडीचे ठोके १६८ दाखवले. उन्हात हृदयाला दोन धन्यांची चाकरी करावी लागते: स्नायूंना रक्त पुरवायचे आणि अंग निवावे म्हणून त्वचेकडेही धाडायचे. शिवाय घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच शरीर थंड होते. दमट हवेत तो वाळत नाही, तर अंगावरून ओघळत बुटांत उतरतो आणि पावलागणिक फचफच वाजतो.

तासाभराने खोलीवर येऊन काट्यावर उभा राहिलो, तर सव्वा किलो वजन घटलेले! मी आरशापुढे तिरका उभा राहून पोट पाहिले, श्वास न रोखता पुन्हा पाहिले आणि आनंदाची बातमी घरी कळवली. दुपारपर्यंत तहानेने जीव कासावीस होऊन पाणी पीत राहिलो, आणि संध्याकाळी सव्वा किलो इमानेइतबारे परत आले. गेले होते ते निव्वळ पाणी; चरबी जागची हललीही नव्हती.

एका डॉक्टर मित्राला फोन केला. नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील मीठ पातळ होते, तेव्हा क्षारसंजीवनी घे, असे त्याने बजावले. शरीराला उष्णतेची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात, असेही तो म्हणाला. माझा मुक्काम नऊ दिवसांचा होता. सवय झाल्यावर काय होते, असे विचारले, तेव्हा घाम लवकर सुटतो आणि अधिक येतो, असे उत्तर मिळाले. पंधरवड्याच्या तपश्चर्येचे फळ म्हणजे आणखी घाम! (त्यात मीठ कमी असते, ही पुस्ती त्याने जोडली, मला तिने फारसे समाधान लाभले नाही.)

हॉटेलची व्यायामशाळा दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून मी आणीबाणीच्या जिन्याकडे वळलो. चौथ्या मजल्यावरून अकराव्यापर्यंत चढलो. इमारतीतील सगळे वातानुकूलन त्या जिन्याच्या दारापाशीच थांबले होते, आणि वरवर जावे तशी भट्टी तापत होती. अकराव्या मजल्याचे दार ओढले, उघडेना. दहाव्याचे, नवव्याचेही तेच. ही दारे फक्त जिन्यात येण्यासाठी असतात, जिन्यातून परत जाण्यासाठी नव्हे, हा शोध मला सातव्या मजल्यावर लागला. अखेर तळाचे दार ढकलून मी निथळत बाहेर पडलो तो मागच्या अंगाला, कचऱ्याच्या डब्यांमध्ये. तेथील रखवालदाराने आग कोठे लागली आहे, असे अत्यंत गंभीरपणे विचारले.

पुढचे दिवस मी पहाटे साडेपाचला, सूर्य उगवण्यापूर्वी, नुसता चालत राहिलो. रस्ता माणसांनी फुललेला असे. तो कुत्राही रोज भेटे; त्या वेळी तो धावत असे.