दह्याचं झाकण

जर्मनीत शिकायला निघालेल्या मुलाला ब्लॉक्ड अकाउंटबद्दल सगळे सांगतात. वर्षाचे 11,904 युरो भरायचे, महिन्याला 992 हातात येणार, हे एजंटलाही पाठ असतं. घरात राहायला गेल्यावर 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, हेही कोणीतरी दोनदा बजावतं. दह्याच्या कपाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

शनिवारी सकाळी आठला बेल वाजली. दारात शेजारचे निवृत्त आजोबा. इस्त्रीचा शर्ट, हातात मांस भाजायचा लांब चिमटा, आणि चिमट्यात माझा अर्ध्या किलोच्या दह्याचा रिकामा कप. (आजोबा मनातल्या मनात. तोंडावर 'हेर', म्हणजे जर्मनमधलं 'श्री.', आणि पुढे आडनाव. इथे शेजारी चाळीस वर्षं राहिला तरी आडनावावरच राहतो.)

"हा आपला का?"

पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ए-टू या दुसऱ्या पातळीपर्यंत जर्मन झालं की स्टेशनचा रस्ता विचारता येतो, सूप मागवता येतं. कचऱ्याच्या आरोपातून अंग कसं काढून घ्यायचं, हा धडा बहुधा सी-वनला असावा. मी म्हटलं, "दही तर या इमारतीत सगळेच खातात."

"खातात. पण हळद?"

त्यांनी कप हळूच फिरवला. अर्धवट सोललेलं ॲल्युमिनियमचं झाकण लोंबत होतं आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा पिवळाधमक ठसा. कढीच्या गडबडीत उमटलेला. एवढा स्वच्छ ठसा पोलिसांच्या नशिबी क्वचितच येत असेल.

"झाकण पूर्ण ओढून काढायचं," आजोबा म्हणाले.

"बरं. मग ते कुठल्या पिंपात टाकायचं?"

"पिवळ्या."

"आणि कप?"

"पिवळ्या."

"म्हणजे दोन्ही एकाच पिंपात?"

"अर्थातच. पण एकमेकांना न चिकटता."

मी त्यांच्या चेहऱ्यावर हसू शोधलं. नव्हतं. "धुऊन टाकू का?" असं विचारल्यावर तर ते दचकलेच. "मुळीच नाही! पाणी वाया जातं. चमच्यानं खरवडून रिकामा केला की झालं. आणि एका कपात दुसरा कप खुपसायचा नाही." मी खुपसलेलाही नव्हता. न केलेल्या गुन्ह्याचीही समज देऊन ठेवली.

राग येतो तो यामुळे की म्हातारा खरं बोलत होता. कचरा वेगळा करणाऱ्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या वस्तूवर इन्फ्रारेड प्रकाश पडतो आणि तो परत कसा येतो त्यावरून यंत्र प्लॅस्टिकची जात ओळखतं. ॲल्युमिनियम वेगळ्या यंत्रात, बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं बाजूला उडतं. दोघं चिकटून आले की एकाला दुसऱ्याच्या ढिगात जावं लागतं. काळं प्लॅस्टिक तर बऱ्याच यंत्रांना दिसतच नाही. कपाभोवती पुठ्ठ्याची पट्टी असेल तर तीही सोलून कागदाच्या पिंपात टाकायची.

बरं, पिवळं पिंप प्लॅस्टिकचं आहे म्हणावं, तर तसंही नाही. ते वेष्टनांचं आहे. 1991 च्या नियमापासून वेष्टन गोळा करण्याचा खर्च ते बाजारात आणणाऱ्यांकडून घेतला जातो, म्हणून शाम्पूची बाटली पिवळ्यात चालते आणि टूथब्रश, प्लॅस्टिकच असूनही, उरलेल्या कचऱ्याच्या काळ्या पिंपात जातो. फुटकी बादलीही काळ्यात. बर्लिनला गेलात तर बादली वेष्टनांबरोबरच चालते. एका देशात बादलीचा धर्म गावागणिक बदलतो, आणि आपण मात्र आल्या आठवड्यात हे सगळं जन्मजात ठाऊक असल्यासारखं वागायचं.

काचेचं तर बोलायलाच नको. लोणच्याची बरणी चौकातल्या काचेच्या टाकीत टाकायची. पांढरी, तपकिरी आणि हिरवी अशा वेगळ्या टाक्या. निळी बाटली हिरवीत, कारण हिरव्या काचेला परक्या रंगाची भेसळ जास्त सोसते. (कोणाला तरी सोसते, हे वाचून बरं वाटलं.) पण पाणी प्यायचा ग्लास फुटला तर तो तिथे टाकायचा नाही. त्या काचेचं मिश्रण वेगळं असतं, ती वेगळ्या तापमानाला वितळते. तो गुंडाळून काळ्यात. आणि टाकीत बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, आवाज होतो. पाण्याची एकदाच वापरायची प्लॅस्टिक बाटली कुठल्याच पिंपात टाकू नका, तिच्यावर 25 सेंट अनामत असते. ती दुकानातल्या यंत्राला द्यायची, तीही न चुरगळता. लेबलवरची खूण वाचता आली नाही तर यंत्र बाटली परत तोंडावर फेकतं. दुकानाची पावती कागदाची दिसते, पण उष्णतेनं छापलेली असते. काळ्यात.

विद्यापीठाच्या स्वागत सप्ताहात शहरातले सगळे बिअरबार दाखवतात. पिंपं दाखवायला दहा मिनिटं लागली असती.

आजोबांचाही स्वार्थ आहे म्हणा. पिंपात भलतंसलतं सापडलं की गाडीवाले त्यावर स्टिकर चिकटवून ते तसंच सोडून जातात. मग ते काळ्या कचऱ्याच्या दरानं उचलायला लागतं आणि बिल सगळ्या इमारतीवर फुटतं. मान्य. पण चौथ्या मजल्यावरचा मुलगा चीज चिकटलेले, तेलकट पिझ्झाचे खोके अख्खेच्या अख्खे कागदाच्या पिंपात कोंबतो. तेलकट खोका काळ्यात जायला हवा, हे त्याच पिंपावर चित्रासकट लिहिलंय. आणि त्या खोक्यांवर त्याच्या नावाची, मजल्याची डिलिव्हरीची चिठ्ठी असते. हळदीचा पुरावाही शोधावा लागत नाही.

मी हे आजोबांच्या कानावर घातलं. त्यांनी मान डोलावली, कप माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हो, मी पाहिलंय. पण इथे लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे दुखतात."

मी तळमजल्यावर राहतो.