डबेवाल्यांना सर्टिफिकेट दिलं कुणी?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा येऊन पडला. ‘मुंबईचे डबेवाले! शिक्षण नाही, कॉम्प्युटर नाही, मॅनेजर नाही. तरी १ कोटी ६० लाख डब्यांत एकच चूक. फोर्ब्सचं सिक्स सिग्मा सर्टिफिकेट! १३० वर्षांत एकही संप नाही. आणि आपण?’ यातलं ‘आणि आपण?’ आमच्या साहेबांनी पदरचं घातलेलं.

सर्टिफिकेटपासून सुरुवात करू. ते नाहीच. १९९८मध्ये ‘फोर्ब्स’ या अमेरिकी मासिकासाठी सुब्रत चक्रवर्ती यांनी डबेवाल्यांवर लेख लिहिला. चुका किती होतात, असं त्यांनी संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं. जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांत एखादी, असं उत्तर आलं. रोजचे पावणेदोन लाख डबे धरून चक्रवर्तींनी हिशेब मांडला: ८० लाखांत एक चूक. रिकामा डबा परत घरी जातो, ती खेप मोजली की १ कोटी ६० लाख. म्हणजे चुकांची नोंदवही कुणी तपासलेली नाही, एका माणसाच्या तोंडी अंदाजाला केलेला हा गुणाकार आहे. लेखात ‘सिक्स सिग्मा’ (कामात किती चुका होतात ते मोजायचं माप) हा शब्दच नव्हता, हे चक्रवर्तींनी पुढे स्वतः सांगितलं. तो नंतरच्या बातम्यांमध्ये चिकटला आणि एकाचं बघून दुसऱ्याने छापला. गंमत म्हणजे मोटोरोला कंपनीतून आलेल्या सिक्स सिग्माच्या मापाने दहा लाखांत ३.४ चुका चालतात. रोजच्या साडेतीन लाख खेपांना ते लावलं, तर दिवसाला एखादा डबा चुकला तरी माणूस पास! अध्यक्षांचा दावा त्याहून कितीतरी मोठा होता, पण आपल्याला शिक्का इंग्रजी हवा.

‘मॅनेजर नाही’ हे तर साफ चूक. मुकादम कोण असतो मग? साधारण वीस-पंचवीस जणांची टोळी, तिचा एक मुकादम. भांडणं तो मिटवतो, गिऱ्हाइकाशी तो बोलतो, पैशाचा हिशेब तो ठेवतो. टोळीत दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात, कुणी आजारी पडला किंवा लोकल चुकली तर लगेच हाताशी. (आमच्याकडे एक जण रजेवर गेला की त्याचं काम शेजारच्यावर पडतं आणि त्याला ‘टीम स्पिरिट’ म्हणतात.) टोपी नसली, कामावर दारू पिऊन आला, की दंड. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डबेवाला पगारी नोकर नसतो. तो धंद्यातला वाटेकरी असतो आणि टोळीची कमाई खर्च वजा जाता आपसांत वाटली जाते. बहुतेक जण खेड, मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव भागातले, एकमेकांचे गाववाले नाहीतर पाहुणे. कामात हयगय केली तर गावात तोंड दाखवायची पंचाईत. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली यांच्यावर केस स्टडी केली ती हे सगळं समजून घ्यायला. मॅनेजमेंट नसती तर अभ्यास कशाचा केला असता?

संपाचं थोडक्यात. १९ ऑगस्ट २०११ला अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून डबेवाल्यांनी काम बंद ठेवलं होतं. आणि तसंही, जो स्वतःच वाटेकरी आहे तो संप करणार कुणाविरुद्ध?

‘कॉम्प्युटर नाही’ म्हणजे तंत्रज्ञानच नाही, असं समजणाऱ्यांनी डब्याचं झाकण एकदा नीट बघावं. कुठल्या स्टेशनवरून उचलला, कुठे उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं दोन-चार अक्षरं-आकड्यांत रंगवलेलं असतं. वाटेत तीन-चार हात बदलतात, पण कुणालाही पत्ता विचारावा लागत नाही. आणि हे सगळं चालतं लोकलच्या वेळापत्रकावर, सामानाच्या डब्यातून. मार्च २०२०मध्ये लोकल थांबली आणि डबेही थांबले.

राहिलं ‘आणि आपण?’. साहेब, टोळीत दोन माणसं जादा द्या आणि नफ्यात वाटा द्या. टोपी आम्ही आमच्या खर्चाने आणतो.